रहदारीचे चित्र
(चिखलदरा येथे शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे केलेले भाषण)



१८४५ मध्ये फ्रान्समधील दीजाँ ते म्यूलूझ हा लोहमार्ग कोठून न्यावा, याचा विचार चालू होता. शार्ल मिनार या अभियंत्याने त्या भागातील रस्त्यांवरील प्रवासी गाड्यांचे आकडे घेऊन नकाशावर पट्टे रेखाटले. प्रवासी जितके अधिक, तितका पट्टा रुंद. रकान्यांत निजलेली संख्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

आपल्या शहरांसाठी अशी सामग्री २०११ च्या जनगणनेत आहे. कामावर जाणारा पायी जातो, सायकलने की बसने, आणि किती दूर, हे तीत विचारले गेले. एके काळी सायकलींचे शहर म्हणून मिरवणारे पुणेही त्यातून तपासता येते. मात्र ही कोष्टके ‘इतर कामगारां’पुरतीच आहेत. शेतकरी, शेतमजूर, विद्यार्थी त्यांत नाहीत. सायकलवरून शाळेत जाणारी मुलगी त्या नकाशावर उमटतच नाही. मग तिच्यासाठी रस्त्याची कड कोण रुंद करणार?

चिखलदऱ्यात आणखी एक गोम आहे. हे गाव सुमारे १,११८ मीटर उंचीवर. परतवाड्याकडे उतरताना सायकल आपसूक धावते, चढताना ती ढकलावी लागते. दोहोंसाठी एकच पट्टा काढणे म्हणजे शुद्ध फसवणूक! जाण्याचा व येण्याचा पट्टा वेगळा असावा, आणि शेजारी किलोमीटरबरोबर मिनिटेही लिहावीत.

शिक्षकांनी शाळेच्या फाटकाशी सकाळ-संध्याकाळ एकेक तास मोजणी करावी. पायी, सायकल, एस.टी., जीप एवढे रकाने पुरेत. आठवडी बाजाराचा दिवस मात्र निराळा नोंदवावा, आणि झालेला नकाशा पुढील ग्रामसभेत भिंतीवर लावावा.