गोळी आणि शीर्षासन

(योगवर्गाच्या समारोपप्रसंगी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी योगशिक्षक नाही, पत्रकार आहे. व्यवसायाच्या निमित्ताने अनेक योगशिक्षक भेटले आणि एक गोष्ट लक्षात आली. ज्याचा अनुभव दोन-चार वर्षांचा, तो मधुमेहापासून सांधेदुखीपर्यंत साऱ्याची हमी घेतो. ज्याची हयात शिकवण्यात गेली, तो मात्र आधी विचारतो, "झोप लागते का? रक्तदाब किती असतो? डोळ्यांची काही तक्रार?" डोळ्यांची चौकशी अकारण नसते. डोके खाली गेले की डोळ्यांतील दाब वाढतो. काचबिंदूच्या रुग्णाला शीर्षासन घातक ठरू शकते.

ही सावधगिरी म्हणजे श्रद्धेचा अभाव नव्हे. स्वामी कुवलयानंदांइतकी निष्ठा कोणाची होती? १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढले. उड्डियान आणि नौलीच्या वेळी पोटात काय घडते, हे त्यांनी क्ष-किरण व दाबमापकाच्या साहाय्याने पाहिले. नौलीत मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबाहून खाली उतरतो असे आढळले, तेव्हा त्या अवस्थेला त्यांनी आपले गुरू माधवदासजी यांचे नाव दिले. प्राणायामाने शरीरास अधिक प्राणवायू मिळतो, हे त्या काळीही सर्रास सांगितले जाई. (आजही सांगतात!) कुवलयानंदांनी मोजमाप केले आणि प्राणायामाचे खरे मोल प्राणवायूच्या प्रमाणात नाही, असे स्पष्ट सांगितले. आपल्याच शास्त्राच्या बाजूची एक सोयीची समजूत त्यांनी स्वतःहून खोडून काढली.

बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यास आले, तेव्हा अवघे अठरा वर्षांचे होते. बालपणी हिवताप, विषमज्वर, क्षय यांनी शरीर पोखरलेले. योगाने आरोग्य लाभते याचा पुरावा म्हणून स्वतःकडे बोट दाखवण्याचा अधिकार त्यांना निश्चितच होता. पण मला जाते महत्त्व ते त्यांच्या दोर, खुर्च्या आणि लाकडी ठोकळ्यांचे. ताठर झालेल्या, वृद्ध वा आजारी शरीराला आसन झेपावे म्हणून त्यांनी ही साधने योजली. आसनात माणूस कोंबायचा नाही, माणसापर्यंत आसन न्यायचे!

जुनी मंडळी ज्या लाभांविषयी निःशंक बोलतात, ते साधे आहेत: झोप, श्वास, पाठ. कंबरदुखीबाबत तर अमेरिकेतील फिजिशियनांच्या महाविद्यालयाने २०१७ साली, जुनाट दुखण्यावर औषधांआधी करावयाच्या उपायांत योगाचा समावेश केला.

आता घरचीच गोष्ट सांगतो. माझे थोरले बंधू एका शिबिराहून परतले ते रक्तदाबाची गोळी बंद करूनच. "योग करणाऱ्याला गोळी कशाला?" असे तेथे कोणी उत्साहाने म्हटले होते. दीड महिन्यात चक्कर येऊन ते न्हाणीघरात पडले. सुदैवाने कपाळावरच्या चार टाक्यांवर निभावले. पुढे आमच्या भागातील एका ज्येष्ठ शिक्षिकेकडे त्यांना नेले. बाईंनी सारे ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाल्या, "काका, आधी गोळी सुरू करा. डॉक्टरांची चिठ्ठी आणा, मग सतरंजी पसरू."

दादा रागावले. आठ दिवस गेलेच नाहीत. मग चिठ्ठी घेऊन गेले.

त्याला आता पाच वर्षे झाली. झोप उत्तम लागते. गोळी चालू आहे. तिची मात्रा मध्यंतरी कमी झाली, तीही डॉक्टरांनीच केली. शीर्षासनाची परवानगी बाईंनी अजून दिलेली नाही, आणि ही तक्रार दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत असतात.