फ्लॉपीतील बोली



सुरतेत मराठीविषयी बोलताना दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे स्मरण ओघानेच होते. त्यांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. पुढे ते या शहरात अध्यापनासाठी आले आणि १८४४ मध्ये दुर्गाराम मेहताजींच्या बरोबरीने त्यांनी येथे मानवधर्म सभा चालविली. त्यांचे ते व्याकरण आज हाती आले, तर पान उलटावे आणि वाचू लागावे. डोळे आणि अक्षरओळख यांवाचून दुसरे साधन लागत नाही. ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांचे काम त्या मानाने अगदी अलीकडचे. पण ते वाचता येत नाही.

गुरुजींनी उधना, लिंबायत या भागांत हिंडून खानदेशातून आलेल्या कुटुंबांच्या बोलीतील शब्द गोळा केले होते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. मागावर काम करणारी माणसे, त्यांच्या घरच्या वृद्ध स्त्रिया, अहिराणी, मराठी आणि गुजराती यांची त्यांच्या तोंडी झालेली सरमिसळ, असा तो संग्रह होता. वह्या ऑगस्ट २००६ च्या तापीच्या पुरात गेल्या. सुदैवाने त्यांतील मजकूर नव्वदीच्या दशकात एका छापखान्यात संगणकावर जुळविला गेला होता. त्या फ्लॉपी माडीवर होत्या, म्हणून वाचल्या. कुटुंबीयांनी त्या शाळेकडे सोपविल्या आहेत.

त्या मॅकिंटॉश यंत्रावर तयार झालेल्या आहेत आणि अडचण येथूनच सुरू होते. साडेतीन इंची फ्लॉपी दिसायला सारखीच, पण मॅकिंटॉशची आठशे किलोबाइटची जुनी फ्लॉपी आणि इतर वैयक्तिक संगणकांची सातशे वीस किलोबाइटची फ्लॉपी यांची लिहिण्याची रीतच वेगळी. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक वर्तुळात नऊ खंड असतात आणि तबकडी एकाच वेगाने फिरते. मॅकिंटॉशने बाहेरच्या लांब वर्तुळांत बारा व आतल्या आखूड वर्तुळांत आठ खंड बसविले आणि त्यासाठी तबकडीचा वेग जागेनुसार बदलता ठेवला. युक्ती काटकसरीची होती. परिणाम असा की, साध्या संगणकाच्या खाचेत ती फ्लॉपी घातली म्हणजे यंत्राला काहीच उमजत नाही, आणि ते नम्रपणे विचारते : ही फ्लॉपी कोरी दिसते, आखून देऊ का? कोणी 'हो' म्हटले की गुरुजींचे शब्द पुसले गेलेच. म्हणून पहिली गोष्ट ही केली की, प्रत्येक फ्लॉपीच्या कोपऱ्यातील लहानशी खिटी सरकवून छिद्र उघडे ठेविले. मग यंत्राला तिच्यावर लिहिता येत नाही.

वाचण्याचे मार्ग दोन. एक, चालू स्थितीतील जुना मॅकिंटॉश मिळविणे. दुसरा अलीकडचा : साध्या फ्लॉपी-यंत्राला एक लहान मंडल जोडून तबकडीवरील चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपून घ्यायचे आणि त्यांचा अर्थ नंतर संगणकाकडून लावून घ्यायचा. बाजारात जे यूएसबीचे फ्लॉपी-यंत्र मिळते, त्याचा मात्र येथे उपयोग नाही. घाईही आहे, कारण चुंबकीय लेप झिजतो आणि नवी यंत्रे बनत नाहीत. सोनीसारख्या कंपनीनेही फ्लॉपीची विक्री २०११ मध्ये थांबविली.

येथपर्यंतचे काम तंत्रज्ञाचे. माझ्यासारख्या भाषेच्या माणसाला खरी काळजी वाटते ती पुढच्या पायरीची. त्या काळी मराठी अक्षरांचा सर्वांनी पाळलेला असा एक संकेत व्यवहारात नव्हता. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे प्रमाण १९९१ मध्ये ठरले होते, आणि त्यात एक सुंदर कल्पना होती : देवनागरी 'क' आणि गुजराती 'ક' यांना एकच क्रमांक, लिपी बदलली की तोच मजकूर दुसऱ्या वेषात. (सुरतेच्या शाळेला याहून सोयीची गोष्ट कोणती!) आजच्या युनिकोडमध्ये दोन्ही लिप्यांना स्वतंत्र घरे आहेत, तरी मांडणी समांतरच राहिली आहे. छापखान्यांनी मात्र आपापले टंक वापरले आणि प्रत्येक टंकाने इंग्रजी अक्षरांच्या जागी आपल्या सोयीने मराठी अक्षरांचे तुकडे बसविले. तो टंक नसेल तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे नि चिन्हे यांचा नुसता कचरा दिसतो.

त्यातही क्रम डोळ्यांचा असतो, उच्चाराचा नव्हे. 'किती' लिहिताना पहिली वेलांटी 'क'च्या आधी साठविलेली, कारण ती डावीकडे दिसते. युनिकोडमध्ये ती 'क'च्या नंतर येते. 'सूर्य' मधला रफार 'य'च्या डोक्यावर, म्हणून टंकात 'य'नंतर. उच्चारात तो 'य'च्या आधी. 'तऱ्हा' मधला र तर मराठीची खास मिरास. त्याच्या तुकड्याला टंकात स्वतंत्र जागा, आणि रूपांतर करणारा मराठी नसला तर तोच हमखास चुकतो.

प्रमाण मराठीतील लेख असता, तर या चुका वाचकाने सहज दुरुस्त केल्या असत्या. बोलीच्या शब्दसंग्रहात तसे होत नाही. ऱ्हस्व की दीर्घ, र आहे की रफार, हे गुरुजींनी त्या म्हाताऱ्या बाईच्या तोंडून ऐकले तसे लिहिले होते, की ते रूपांतराने बिघडविले, हे शब्दकोश उघडून ठरविता येणार नाही. तो शब्द कोशात नाही, म्हणूनच तर त्यांनी तो टिपला. संगणकाची शुद्धलेखन-तपासणी तर असे शब्द चटकन 'सुधारून' टाकील. मोडी कागद वाचताना असाच पेच पडतो. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला जात नसे, त्यामुळे लिप्यंतरकार ते आपल्या समजुतीने भरतो. मात्र मूळ कागद समोर असतो आणि शंका आली की पुन्हा पाहता येतो. म्हणून माझा आग्रह आहे की फ्लॉपीवरून निघालेली मूळ प्रत, काही न सुधारता, वेगळी जपावी; रूपांतरित मजकूर तिच्या शेजारी ठेवावा, तिच्या जागी नव्हे.

इंग्लंडमध्ये १९८६ साली बीबीसीने लोकजीवनाचे एक प्रचंड वर्णन लेझर-तबकड्यांवर साठविले. ते १०८६ च्या डोम्सडे ग्रंथाच्या नवशताब्दीनिमित्त होते. सोळा वर्षांत ते वाचण्याची यंत्रे दुर्मीळ झाली आणि अभ्यासकांना ते सोडविण्यासाठी खटपट करावी लागली. नऊशे वर्षांपूर्वीचा चर्मपत्री ग्रंथ मात्र जागच्या जागी वाचता येत होता. त्यांच्यापाशी पैसा आणि विद्यापीठे होती, आपल्यापाशी माजी विद्यार्थी आहेत.

तेव्हा माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती. आपल्यापैकी काहींचे छापखाने होते. माळ्यावर जुना मॅकिंटॉश असेल, तर तो भंगारात देऊ नका. त्याहून मोलाच्या त्या टंकाच्या फ्लॉपी; अक्षरांचे तुकडे कोठे बसविले होते, हे दाखविणारा तक्ता कोणाच्या फायलीत असेल, तर त्या एका कागदाने महिन्यांचे काम वाचेल. आणि ज्यांच्या आईने किंवा आजीने गुरुजींना शब्द सांगितले होते, त्यांनी आपली नावे शाळेच्या कार्यालयात नोंदवावीत. मजकूर हाती आला की, प्रत्येक संशयास्पद शब्द त्यांच्या घरी जाऊन मोठ्याने वाचून दाखविण्याचे आम्ही ठरविले आहे.