घसारा कोणाच्या नावावर?

मैत्रिणींनो, सोनं मोडताना घट किती धरली हे आपण ठणकावून विचारतो. मग जुनी गाडी घेताना घसारा विचारायला का बिचकतो? विम्याच्या कोष्टकात गाडीची किंमत दुसऱ्या वर्षी 20, तिसऱ्या वर्षी 30 आणि पाचव्या वर्षी 50 टक्के कमी धरतात. आज नवी 4 लाखांना मिळणारी छोटी गाडी पाचव्या वर्षी या हिशेबाने 2 लाखांची. तेवढा घसारा पहिल्या मालकाने सोसला, हा आपला फायदा. पण बाजारभाव गाडीच्या अवस्थेवर ठरतो. म्हणून मेकॅनिक आपल्या ओळखीचा न्या. आरसीवर कर्जाचा बोजा नाही ना, पाहा. फॉर्म 29 आणि 30 वर खरेदीदार म्हणून स्वतःचं नाव घाला. हप्ते आपल्या पगारातून आणि मालकी नवऱ्याची, हा घसारा कुठल्याच कोष्टकात सापडत नाही.