गळ्याआधी कान

आज पदवी घेणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

केळघर, करहर, कुडाळ, बामणोली अशा गावांतून तुम्ही एसटीने मेढ्याला येऊन शिकलात. भर पावसात जावळीतून कॉलेज गाठणं म्हणजे काय, हे इथे बसलेल्या आईवडिलांना मी सांगायला नको. आता तुमच्यातले पुष्कळजण पुण्या-मुंबईची वाट धरतील, काहीजण त्याही पलीकडे जातील. मी संगीताचा माणूस, म्हणून गाणाऱ्यांच्या कारकिर्दीबद्दल बोलतो. गाणाऱ्याचं सगळं भांडवल त्याच्या शरीरात असतं, त्यामुळे काम कसं टिकतं आणि कशाने बिघडतं ते त्याच्याकडे फार स्पष्ट दिसतं.

तुमची वेण्णा नदी माहुलीला कृष्णेला मिळते आणि ती कृष्णा पुढे सांगली जिल्ह्यात नागठाण्याला जाते. आपल्या सातारा तालुक्यातलं नागठाणे वेगळं, हे पलूस तालुक्यातलं. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, त्या गावचे. जन्म 26 जून 1888 चा. पोरवयातलं त्यांचं गाणं ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘बालगंधर्व’ म्हटलं, हे तुम्ही वाचलं असेल. पण या मुलाच्या कानात दोष होता, हे फार थोडे सांगतात. छत्रपती शाहू महाराजांनी त्याला मिरजेला डॉ. वॉनलेस यांच्या दवाखान्यात उपचारासाठी पाठवलं. पुढे 1905 साली त्याच मिरजेत किर्लोस्कर नाटक मंडळीच्या ‘शाकुंतल’मध्ये हा मुलगा शकुंतला म्हणून उभा राहिला.

आपण बालगंधर्वांच्या गळ्याचं कौतुक करतो. मला मात्र त्या कारकिर्दीची खरी सुरुवात मिरजेच्या दवाखान्यात झाली असं वाटतं. गळा कितीही गोड असो, आपला सूर कुठे ढळला ते स्वतःला ऐकू आलं नाही तर तो गळा फार दिवस चालत नाही.

आणि आपल्या कानांना जे कळत नाही, ते ऐकायला दुसऱ्याचे कान लागतात. किर्लोस्कर मंडळीत त्यांना बोलायला, उभं राहायला शिकवलं सांगलीजवळच्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी. गाण्याचे गुरू भास्करबुवा बखले. 1913 मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली, बालगंधर्व मालक झाले, घरोघरी नाव पोचलं. तरी 1916 च्या ‘स्वयंवर’ नाटकाच्या चाली गुरूंच्याच होत्या आणि मालक त्यांच्यापुढे शिष्य म्हणून बसत होता. साथीला कोण, तर सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर पुढे उस्ताद अहमदजान थिरकवा! आपली चूक क्षणात पकडतील अशी माणसं त्यांनी पगार देऊन शेजारी बसवली. अशी हिंमत थोड्यांकडे असते.

आता थोडं लांब जाऊ. युरोपातल्या ऑपेरात पुरुषाच्या वरच्या पट्टीतल्या आवाजाला टेनर म्हणतात. आपल्या संगीत नाटकासारखंच तिथेही गात गात नाटक करायचं असतं, तेही मायक्रोफोनशिवाय आणि समोर भलामोठा वाद्यवृंद वाजत असताना. इटलीतल्या मोदेनाचा लुचानो पावारोत्ती हा या जातीचा जगप्रसिद्ध गायक. वडील बेकरीत काम करायचे आणि हौसेने उत्तम गायचे. मुलाने काही काळ प्राथमिक शाळेत शिकवलं, विमाही विकला, आणि 1961 मध्ये पहिल्यांदा ऑपेराच्या रंगमंचावर पाऊल ठेवलं. 1965 मध्ये तो जोन सदरलँड या गायिकेच्या मंडळीबरोबर ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेला. तोवर त्याने लंडनमध्येही गाऊन दाखवलं होतं. तरीही त्या दौऱ्यात तो तालमीच्या वेळी सदरलँडबाईंच्या पोटावर हात ठेवून बघायचा. श्वास घेताना पोटाचा कुठला स्नायू हलतो, लांब तान घेताना तो कसा धरून ठेवायचा, हे तो हाताने शिकत होता. सात वर्षांनी, 1972 मध्ये, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात त्याने एका गाण्यात टेनरचा अवघड उंच स्वर नऊ वेळा लावला आणि त्याचं नाव जगभर झालं. लोकांच्या लक्षात ते नऊ स्वर राहिले. मला तो पोटावरचा हात अधिक मोलाचा वाटतो.

कोल्हापूरचे केशवराव भोसले हेही वरच्या पट्टीचे, झळझळीत गळ्याचे. ललितकलादर्श ही त्यांची मंडळी, म्हणजे बालगंधर्वांची तोलामोलाची स्पर्धक. 8 जुलै 1921 ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी दोघांनी मिळून ‘मानापमान’ नाटक केलं. केशवराव नायक धैर्यधर, बालगंधर्व नायिका भामिनी. स्पर्धकाच्या गळ्याशी गळा लावायचा तर आधी त्याचं नीट ऐकावं लागतं. तीनच महिन्यांनी, 4 ऑक्टोबरला, केशवराव गेले. वय अवघं 31.

‘मानापमान’ची आणखी एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. 12 मार्च 1911 ला त्याच्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी बालगंधर्वांची मुलगी वारली आणि तरी ते रंगमंचावर उभे राहिले. त्यांच्या निष्ठेपुढे मी हात जोडतो. पण हा आदर्श म्हणून तुमच्यापुढे ठेवायला माझं मन धजत नाही. घरात तसं दुःख आलं तर खुशाल रजा घ्या. माणसाकडून एवढं मागणारं काम चांगलं नव्हे.

बालगंधर्वांचं एका बाबतीत मात्र चुकलं. नाटकासाठी खरे भरजरी शालू, उंची अत्तरं, भारी ऑर्गन, हवं ते आणलं, आणि जमाखर्च दुसऱ्यांवर सोडला. मंडळी कर्जात बुडाली. चाहते वर्गणी काढायला तयार होते, ती त्यांनी नाकारली आणि गाऊन कर्ज फेडत राहिले. केवढा हा स्वाभिमान! पण त्यात उमेदीची वर्षं गेली. सुराची चूक सांगणारी माणसं त्यांनी शेजारी बसवली होती, हिशेबाची चूक सांगणारं कुणी बसवलं नाही. तुमच्यातल्या वाणिज्य शाखेच्या मुलामुलींनी हे विशेष लक्षात ठेवावं, कारण अशा कलावंताला तुमचीच गरज असते.

माझं मागणं एवढंच आहे. नोकरी लागेल, पहिला पगार हातात येईल, घरी पैसे पाठवाल. ते आधी पाठवाच. मग थोडी रक्कम शिकण्यासाठी बाजूला काढा. गाणं शिका, इंग्रजी बोलायला शिका, वेल्डिंग शिका, हिशेब शिका, काहीही चालेल. फक्त समोर असा माणूस असू द्या, जो तुमची चूक तोंडावर सांगेल, आणि त्याचं सांगणं राग न मानता ऐका. पदवीबद्दल तुमचं आणि तुमच्या घरच्यांचं मनापासून अभिनंदन.