मागच्या सीटचा रंग



मला दहा मिनिटं दिली आहेत आणि 'आयटीमधली वाटचाल' हा विषय सुचवला होता. त्याऐवजी मी बाहेर लावलेल्या गाडीबद्दल बोलणार आहे. तुमच्यापैकी निम्म्यांनी मघाशी तिच्यापुढं उभं राहून फोटो काढलेत, तेव्हा तक्रार करायची नाही.

ती ऑस्टिन ए-४०. १९४८ साली मद्रासमध्ये सुरू झालेली अशोक मोटर्स या गाड्या जुळवायची. पुढं तीच अशोक लेलँड झाली. आमच्या आजोबांनी ही सेकंडहँड घेतली होती. इंजिनाचं काम उद्यमनगरात झालं. तिथं नमुना नेऊन ठेवला की भाग करून मिळतो, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. गाडं अडलं ते पुढच्या दोन सीटच्या कातड्यावर.

बाबांची अट होती की मागची सीट शाबूत आहे, ती बदलायची नाही. म्हणजे नवं कातडं त्या जुन्या रंगाला जुळायला हवं. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांत बहुधा आपण टेकतो तेवढ्याच भागाला कातडं असायचं, पाठीमागं आणि बाजूला रेक्झिन. त्यामुळं एक मोठं कातडं पुरणार होतं. मला वाटलं, चपलांच्या गावात एका कातड्याची काय कथा?

आधी मी माझ्या धंद्याला शोभेल तेच केलं. मोबाइलवर सीटचे फोटो काढले, कॉम्प्युटरवर रंगाचे आकडे काढले. सकाळी एक, दुपारी दुसरा, संध्याकाळी तिसराच! त्यांची सरासरी काढली (हसू नका) आणि बाहेरगावाहून तुकडा मागवला. रात्री ट्यूबलाइटखाली तो इतका तंतोतंत जुळला की मी बाबांना झोपेतून उठवलं. सकाळी अंगणात नेला तर जांभळट. दोन वेगवेगळी रंगद्रव्यं एका उजेडात सारखी दिसतात आणि दुसऱ्या उजेडात फितूर होतात. इंटरमिजिएटच्या तयारीला आपले चित्रकलेचे सर रंगाचा कागद घेऊन आम्हाला व्हरांड्यात पिटाळायचे, ते का, हे मला चाळिशीत कळलं.

मग सुभाषनगरात गेले, आपल्याच वर्गातल्या एका मित्राकडं. तो समोर बसलाय, पण नाव घ्यायचं नाही अशी त्याची ताकीद आहे. त्याच्या घरी तीन पिढ्या चपला होतात. दारातच म्हणाला, "धा वर्षं एका वर्गात हुतो. घर पंधरा मिन्टांवर. आज पत्ता इचारून आलीस." त्यावर मला काही बोलता आलं नाही. त्यानं चहा सांगितला आणि माझ्या हातातला जुन्या सीटचा तुकडा घेतला.

त्यानं तो दुमडला, कडेला कापून आतला रंग पाहिला. "ह्यो रंग वरनं चढवलाय. आत बघ, येगळाच हाय." मी त्याच्याच कातड्याकडं बोट दाखवलं तर म्हणाला, "ह्ये पायात घालायचं, बुडाखाली न्हवं." बाभळीची साल आणि हिरडा यांत पिकवलेलं चपलेचं कातडं जाड आणि ताठ. स्प्रिंगवर ताणलं की घडीवर तडकणार. उन्हानं, घामानं काळवंडणार. चपलेला तोच गुण, कारण ती पायाचा आकार धरते. २०१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून. पण सीटचं कातडं पातळ आणि लुसलुशीत लागतं, बहुधा क्रोममध्ये पिकवलेलं, आणि ती वेगळीच विद्या आहे. शिवाय २०१५ च्या कायद्यानंतर राज्यात बैलाचं कातडं दुर्मीळ झालं. म्हशीचं मिळतं, पण त्याचे दाणे मोठे. जुन्या सीटशेजारी ते लगेच ओळखू येतं.

एका कातड्यासाठी कुठलीही टॅनरी रंगाचा ड्रम लावत नाही. त्यानंच वाट काढली. धारावीतल्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडून बिनरंगाचं, ज्याला ते लोक क्रस्ट म्हणतात, ते मद्रासकडचं कातडं मागवलं आणि रंग इथंच पातळ थरांनी चढवायचा ठरवलं. सात पट्ट्या केल्या. रोज सकाळी दहाला, अंगणातल्या सावलीत, मागच्या सीटवर ठेवून बघायच्या.

पाचव्या दिवशी त्यानं मला न सुचलेला प्रश्न विचारला, "जुळवायचं कुठल्या जागेला?" मागची सीटही एकरंगी नव्हती. खिडक्यांकडं विटलेली, मधे जरा गडद, फटीत अजून डाळिंबी. मी म्हटलं, मधला रंग धरू, म्हणजे दोन्हीकडं फरक कमी दिसेल. इंजिनिअरचं उत्तर. बाबा काठी टेकत आले आणि त्यांनी डाव्या खिडकीकडच्या कोपऱ्यावर हात ठेवला. तिथं आजी बसायची. जोतिबाला जाताना, दसऱ्याला, शेवटी दवाखान्यात जातानासुद्धा. सगळ्यात विटलेला भाग तोच. मी म्हटलं, "बाबा, मग बाकी सीट जुळणार नाही." ते म्हणाले, "नको जुळू दे."

मित्रानं माझ्याकडं पाहिलंच नाही. त्यानं सातातली सगळ्यात फिकी पट्टी उचलली, तिच्यात आणखी एक हात पांढरा घातला.

तेव्हा जेवणानंतर उन्हात जाऊन बघा. पुढची सीट मागच्या डाव्या कोपऱ्याशी जुळते, उजव्याशी अजिबात नाही. सरांनी मघाशी चष्मा कपाळावर चढवून दोन मिनिटांत ते पकडलं आणि मला विचारलं, "कुणी केलाय रंग?" मी बोट दाखवलं. ते दोघं अजून बोलताहेत, तिकडं मागं.