शेजाऱ्याचा कागद वाचा

(विधी स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणवर्गात केलेले भाषण)



महाडच्या चवदार तळ्याचा लढा सत्याग्रहाने सुरू झाला, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याचा कायदेशीर शेवट एका दिवाणी दाव्यात झाला, हे फार थोड्यांच्या ध्यानात असते. तळे खासगी आहे असे म्हणून सनातन्यांनी १९२७ साली बाबासाहेब व त्यांच्या सहकाऱ्यांवर दावा लावला. मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय १७ मार्च १९३७ रोजी आपल्या बाजूने लागला. दहा वर्षे तारखा आणि पुरावा सांभाळला, म्हणूनच पाण्यावरील हक्क कागदावरही सिद्ध झाला.

आज आपल्या वस्तीतील माणूस दिवाणी कामात पुष्कळदा हरतो तो त्याची बाजू खोटी असते म्हणून नव्हे, तर ती मांडावयास तो वेळेवर उभा राहत नाही म्हणून. समन्स येते आणि भीतीपोटी पत्र्याच्या पेटीत पडून राहते. वास्तविक लेखी कैफियत समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत द्यावयाची असते; न्यायालय कारण नोंदवून ही मुदत नव्वद दिवसांपर्यंत वाढवू शकते. एकतर्फी हुकूमनामा झाल्यास तो रद्द करून घेण्याच्या अर्जासही मुदत तीसच दिवसांची. यास्तव स्वयंसेवकाने प्रथम समन्स मिळाल्याची तारीख आपल्या वहीत टिपावी आणि त्याच आठवड्यात त्या माणसाला वकिलापर्यंत न्यावे.

दुसरी गोष्ट भगिनींची. बाप वारल्यावर भाऊ म्हणतो, "ताई, वारसनोंदीला तुझी सही लागते." ती सही वारसनोंदीची की हक्कसोडपत्राची, हे तिला कोण सांगणार? हिंदू वारसा कायदा, १९५६ बौद्धांनाही लागू आहे. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीचा हक्क मुलाच्या बरोबरीचा झाला. हक्क राखावा की सोडावा, हे तिने ठरवावे. पण आपण काय सोडतो आहोत, हे कळल्यावाचून तिचा अंगठा उमटता कामा नये. कागद तिला मोठ्याने, सावकाश वाचून दाखवा.

वकिलाचे पैसे कोठून आणावयाचे, असा प्रश्न येईल. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया व बालके यांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचे स्थान कायद्याने मान्य आहे. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करावा. लोकअदालतीत तडजोड होत असेल, तर एवढे बजावून सांगा: त्या निवाड्यावर अपील नाही, समजले नसेल तर सही नको.

शेवटी आपली मर्यादा. २००९ पासून विधी स्वयंसेवकांची सरकारमान्य योजना आहे. पण स्वयंसेवक म्हणजे वकील नव्हे. त्याने न्यायालयात युक्तिवाद करू नये, एक पैसाही घेऊ नये, निकालाचे आश्वासन देऊ नये. आणि एका घरचे दुःख दुसऱ्या घरी नेऊ नये, कारण वस्ती लहान असते व गेलेला विश्वास परत येत नाही.

शेजाऱ्याच्या दारी पुढारी म्हणून जाऊ नका. वाचता येणारा माणूस म्हणून जा. त्याची भीती प्रथम कमी होईल, मग त्याचा हक्क तो स्वतःच मागेल.