ताणप्रथिनें आणि शरीराचे पहारेकरी

ताप चढला म्हणजे केवळ माणूसच तापतो असें नाहीं. त्याच्या देहांत शिरलेला जंतुही तापतो. दुसऱ्याच्या खोकल्यांतून आलेल्या क्षयजंतूला येथें उष्णता, उपासमार आणि भक्षक पेशींच्या पोटांतील जहाल द्रव्यें सोसावीं लागतात. त्यायोगें त्याच्या प्रथिनांच्या घड्या विस्कटूं लागतात. त्या सांवरून धरण्यासाठीं तो एका विशेष वर्गाचीं प्रथिनें भराभर निर्माण करतो. त्यांस ताणप्रथिनें म्हणतात.

त्यांचा माग प्रथम लागला तो माशीच्या अळींत. इटालियन संशोधक फेरुच्चो रितोस्सा हे फळमाशीच्या अळीच्या लाळग्रंथी तपासीत असतां कोणीं तरी उबवणीच्या पेटीचें तपमान वाढवून ठेवलें. गुणसूत्रांवर भलत्याच ठिकाणीं फुगवटे दिसूं लागले. हा वृत्तांत १९६२ सालीं प्रसिद्ध झाला. प्रत्यक्ष प्रथिनें मात्र १९७४ मध्यें हातीं आलीं.

पुढें असें आढळलें कीं, हीं प्रथिनें जंतूंपासून मनुष्यापर्यंत बहुतेक सर्व जीवांत आहेत. क्षयजंतूचें एक प्रमुख ताणप्रथिन आणि मनुष्याचें तत्सम प्रथिन शेजारी ठेवलीं, तर सुमारें निम्मे घटक जागच्या जागीं जुळतात. मग शरीराच्या पहारेकऱ्यांनीं चोर ओळखावा कसा?

हे पहारेकरी म्हणजे रक्तांतील टी-पेशी. त्यांतील बहुसंख्य पेशींना शत्रूच्या प्रथिनाचा तुकडा दुसऱ्या पेशीनें तबकांत घालून दाखवावा लागतो. परंतु गॅमा-डेल्टा नांवाचा एक लहानसा वर्ग आहे. निरोगी माणसाच्या रक्तांतील टी-पेशींत तो बहुधा शेंकडा १ ते ५ इतकाच भरतो; तथापि या पेशींना तबकाची अपेक्षा नसते. १९८९ मध्यें अमेरिकेंतील डेन्व्हर येथें रिबेका ओब्रायन, विली बॉर्न आणि त्यांचे सहकारी यांनीं नवजात उंदरांपासून मिळविलेल्या अशा पेशींना क्षयजंतूचा अर्क दिला. पुष्कळ पेशी जाग्या झाल्या. ताणप्रथिनालाही त्यांनीं प्रतिसाद दिला. विशेष हें कीं, कांहीं पेशी अर्काविनाही थोड्याबहुत चाळवलेल्याच होत्या. जणूं घरचीच हांक त्यांच्या कानीं पडत होती.

एवढ्यावरून सारें कोडें सुटलें असें मानणें मात्र घाईचें होतें. मनुष्याच्या रक्तांतील बहुतेक गॅमा-डेल्टा पेशी प्रथिनाला नव्हे, तर जंतूंत आढळणाऱ्या फॉस्फेटयुक्त सूक्ष्म द्रव्यांना ओळखतात, असें १९९४-९५ च्या सुमारास उघडकीस आलें. आंतड्यांतील पेशींची तऱ्हा आणखी निराळी. आंतड्याच्या अस्तरावरील पेशी संकटांत सांपडली कीं आपल्या पृष्ठभागावर मायका नांवाचें प्रथिन उभारते, आणि तेथील गॅमा-डेल्टा पेशी तें ओळखतात. हें १९९८ मध्यें व्हेरोनिका ग्रो व थॉमस स्पीस यांनीं दाखविलें. येथें ओळख पटते ती चोराची नव्हे, तर घरच्या माणसाच्या आरोळीची!

या युक्तींत वेळ वांचतो, पण धोकाही आहे. घरच्या प्रथिनाशीं मिळत्याजुळत्या खुणेवरून उठलेला पहारेकरी घरच्यांवरच तुटून पडला तर? हॉलंडांतील विलेम व्हान ईडन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८८ मध्यें याचा एक नमुना प्रसिद्ध केला. त्यांतील टी-पेशी नेहमींच्या वर्गांतल्या होत्या, हें ध्यानांत ठेवावें. मृत क्षयजंतु तेलांत कालवून टोंचल्यावर ज्या घुशींचे सांधे सुजत, त्यांच्या टी-पेशी क्षयजंतूच्या याच ताणप्रथिनाचा एक अंश ओळखीत होत्या. आणि तेंच प्रथिन कांहीं घुशींना अगोदर टोंचून ठेवलें, तेव्हां मागाहून जंतु टोंचूनही त्यांचे सांधे सुजले नाहींत.